‘तिकीट टू राइड’ : रुळांवरची चुरस

अ‍ॅलन मून यांनी रचलेला आणि २००४ साली जर्मनीतील ‘श्पील देस यारेस’ हा वर्षातील सर्वोत्तम खेळाचा मान मिळवणारा ‘तिकीट टू राइड’ हा रेल्वेवरच्या बैठ्या खेळांमध्ये मला आजही सर्वांत उजवा वाटतो. उत्तर अमेरिकेच्या नकाशावर प्रत्येकाने आपल्या ४५ इवल्या डब्यांनी शहरे जोडायची असतात. एका पाळीत पत्ते घेणे, मार्ग ताब्यात घेणे किंवा नवी तिकिटे, म्हणजे ठरावीक दोन शहरे जोडण्याची उद्दिष्टे, उचलणे यांपैकी एकच गोष्ट करता येते आणि हाच निर्बंध या खेळाचा प्राण आहे. कारण सहा डब्यांच्या मार्गाचे १५ गुण मिळवण्यासाठी एका रंगाचे पत्ते जमवत बसावे, तर तेवढ्यात एखादा मोक्याचा छोटा दुवा दुसराच कोणी बळकावतो आणि अपूर्ण राहिलेल्या तिकिटाचे गुण शेवटी वजा होतात. ती हुरहुर मला फार प्रिय आहे! नियम सोपे आहेत. दोघांतच खेळताना मात्र नकाशा मोकळा राहतो व चुरस ओसरते, त्यामुळे निदान चौघे जमणार असतील तरच हा खेळ घ्यावा, असे मी आग्रहाने सुचवेन.