मोनोलॉग की मायक्रोफ्रीक? पेटी वाजवणाऱ्यांसाठी नॉबांची ओळख

जत्रांचा मोसम सुरू झाला की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. यंदा तो तीन वेगवेगळ्या गावांतल्या मुलांनी विचारला: "काका, छोटा सिंथ (सिंथेसायझर, आवाज घडवायचं वाद्य) घ्यायचाय. कोर्गचा मोनोलॉग घेऊ की आर्टुरियाचा मायक्रोफ्रीक?" तिघेही पेटीवाले. एक भजनी मंडळात, दोघे दशावतारात. तिघांच्याही घरी स्टाईलवाला कीबोर्ड आहे, त्यात शेकड्यांनी टोन आहेत. पण ट्रिकसीनच्या, म्हणजे रंगमंचावर चमत्कार दाखवणाऱ्या, नाटकात राक्षस धुरातून बाहेर येतो तेव्हा जो आवाज हवा असतो, तो त्या टोनच्या यादीत सापडत नाही. तो घडवावा लागतो, आणि घडवायला नॉब लागतात.

दोन्ही वाद्यं मी भरपूर वाजवली आहेत. मोनोलॉग माझा आहे, मायक्रोफ्रीक मित्राचा, पण मे महिन्यापासून तो माझ्याच माळ्यावरच्या खोलीत आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. देवळासमोर, रात्री दोन वाजता, अंधुक उजेडात वाजवायचं असेल तर मोनोलॉग घ्या. घरी बसून आवाज शोधायचे असतील, रेकॉर्डिंग करायचं असेल, तर मायक्रोफ्रीक घ्या. एका नॉबला किती कामं दिली आहेत आणि ती हाताला कशी कळतात, यावर हे मत बनलं आहे.

पण त्याआधी नॉब म्हणजे काय ते बघू, कारण ज्याने कधी पेटी उघडून बघितली आहे त्याला हे पॅनेल परकं वाटायचं कारण नाही. पेटीत सूर येतो पितळेच्या पट्टीतून, सिंथमध्ये ऑसिलेटरमधून. खर्ज आणि नर असे दोन सूर एकत्र वाजतात ना, तसे मोनोलॉगमध्ये दोन ऑसिलेटर आहेत. त्यांच्या लहरीचा आकार तुम्ही निवडायचा: करवती लहर म्हणजे शहनाईच्या जवळची, झणझणीत, त्रिकोणी म्हणजे मऊ, बासरीकडे झुकणारी, चौकोनी म्हणजे पोकळ. पेटीचं वरचं झाकण बंद करून वाजवलीत तर आवाज दबतो, उघडलीत की मोकळा होतो. सिंथमध्ये हे झाकण म्हणजे फिल्टर, आणि ते किती उघडायचं हे ठरवणारा नॉब म्हणजे कटऑफ. झाकणाच्या कडेला जो सूर आहे त्यालाच धार लावणारा नॉब म्हणजे रेझोनन्स. तो जास्त वाढवला की आवाज शिट्टीकडे जातो, तेव्हा साउंडवाल्याकडे बघून मगच फिरवा.

भात्याचं आणि बोटाचं काम एन्व्हलप करतो. सूर उमटायला किती वेळ घ्यायचा तो अटॅक, विरायला किती घ्यायचा तो डीके. एलएफओ म्हणजे संथ लाट. ती स्वतः ऐकू येत नाही, पण तिच्या हातात दुसरा एखादा नॉब दिला की तो नॉब ती वरखाली करत राहते. सुराच्या हातात दिली तर कंप, कटऑफच्या हातात दिली तर आवाज श्वास घेतल्यासारखा उघडतो-मिटतो.

एवढं कळलं की दोन्ही पॅनेलांचा पाऊण भाग वाचता येतो. उरलेल्या पाव भागात खरा फरक आहे.

दोन घराणी

१९७० साली मिनीमूग नावाचा सिंथ आला, तेव्हा त्याच्या पॅनेलवर डावीकडून उजवीकडे वाचत जायची सोय होती: आधी ऑसिलेटर, मग मिक्सर, मग फिल्टर आणि एन्व्हलप, शेवटी आउटपुट. ज्या क्रमाने आवाज तयार होतो त्याच क्रमाने नॉब. मोनोलॉग याच घराण्यातला. मिनीमूगच्या आदल्या वर्षी, १९६९ मध्ये, इंग्लंडमध्ये व्हीसीएस३ नावाचा सिंथ निघाला होता. त्यावर १६ आडव्या आणि १६ उभ्या भोकांची जाळी होती. जिथे खुंटी खोचाल तिथे एक गोष्ट दुसरीला जोडली जायची. मायक्रोफ्रीकची जाळी मला त्याच वळणाची वाटते. खुंट्यांच्या जागी दिवे आले आहेत, आणि आकार लहान झाला आहे: ५ उगम आणि ७ ठिकाणं, म्हणजे ३५ चौक.

मोनोलॉगवर एलएफओ कुठे पाठवायचा हे ठरवायला एक छोटा स्विच आहे, तीन खुणांचा: कटऑफ, शेप, पिच. वर, मध्ये, खाली. बोटाला कळतं. मायक्रोफ्रीकवर तेच काम करायचं तर जाळीचा गोल नॉब फिरवत एलएफओच्या ओळीत कटऑफच्या उभ्या रांगेपर्यंत यायचं, नॉब दाबायचा, मग फिरवून प्रमाण ठरवायचं. घरी हे पाच सेकंदांचं काम आहे. रंगमंचाशेजारी, डोळ्यांवर धूर येत असताना, मृदंग लयीत चढलेला असताना, ते काम मला जमलेलं नाही आणि तुम्हीही त्याच्या भरवशावर राहू नका.

पण जाळीचं मोलही खरं आहे. मोनोलॉगचा एलएफओ एका वेळी एकाच ठिकाणी जातो. मायक्रोफ्रीकवर तोच एलएफओ कटऑफला थोडा, सुराला किंचित आणि लहरीच्या आकाराला भरपूर, असा एकदम तीन ठिकाणी वेगवेगळ्या प्रमाणात देता येतो. वाऱ्यासारखे, समुद्रासारखे, कुठल्याही वाद्याशी न जुळणारे आवाज तिथूनच निघतात. शिवाय त्याचा डिजिटल ऑसिलेटर बहुरूपी आहे. टाइप बदलला की वेव्ह, टिंबर आणि शेप या तिन्ही नॉबांचा अर्थच बदलतो. एका टाइपमध्ये छेडलेली तार, दुसऱ्यात माणसाच्या तोंडून येतात तसे उच्चार. मला हे आवडतं, पण नवशिक्याने लक्षात ठेवायला हवं की काल जो नॉब एक काम करत होता तो आज दुसरंच करतोय.

राक्षसाचा प्रवेश

एक प्रसंग जवळून दाखवतो. मोनोलॉगवर दोन्ही ऑसिलेटर करवती लहरीवर. दुसऱ्याचा पिच नॉब हळूहळू चढवत पंचमापर्यंत न्यायचा. हा नॉब सेंटमध्ये चालतो, १०० सेंट म्हणजे अर्धा स्वर, एका पट्टीवरून अगदी लगतच्या पट्टीपर्यंतचं अंतर, आणि शुद्ध पंचम बसतो ७०२ सेंटच्या आसपास. आकड्याकडे न बघता कानाने लावा: सा आणि प मधली घरघर विरत जाते आणि दोन्ही सूर चिकटतात, तिथे थांबा. आता एकच पट्टी दाबली की सा-प दोन्ही मिळतात. मोनोलॉग एका वेळी एकच पट्टी ऐकतो, त्या उणिवेवर हा उपाय मला पुरतो.

मग कटऑफ जवळजवळ बंद. उजव्या हाताने खालचा सा धरून ठेवायचा, डावा हात कटऑफवर. पहिल्या वर्षी मी तो झटक्यात उघडला, तेव्हा मृदंगवाले दादा बसल्या जागेवरून म्हणाले, "एकदम सोडू नको रे, हळूहळू भायर काढ." तेव्हापासून चार आवर्तनं घेतो. घड्याळाच्या भाषेत सांगायचं तर नॉब सातवरून निघतो आणि चौथ्या आवर्तनाच्या समेला दोनवर पोचतो. पहिल्या आवर्तनात लोकांना आवाज ऐकूही येत नाही, फक्त छातीत जाणवतो. तिसऱ्यात पोरं आईला बिलगतात.

इथे मोनोलॉगच्या एका स्विचकडे नीट लक्ष द्या: ईजी टाइप, म्हणजे एन्व्हलपचा प्रकार. याच्या तीन जागा आहेत. एका जागेवर सूर उमटतो आणि बोट पट्टीवर असलं तरी डीके संपताच विरतो; सतारीच्या छेडीसारख्या आवाजांना हे ठीक. दुसरीवर बोट असेपर्यंत सूर टिकतो आणि उचलल्यावर विरतो. राक्षसाला हीच जागा हवी. तिसरीवर सूर बोटाबरोबर सुरू आणि बोटाबरोबर बंद, अगदी पेटीसारखा, आणि एन्व्हलप फक्त कटऑफ किंवा सुराला हलवायला मोकळा राहतो. हा स्विच चुकीच्या जागी असेल तर बाकी सगळे नॉब बरोबर असूनही आवाज हातातून निसटतो. शेजारचा इंट (प्रमाण ठरवणारा) नॉब मध्यावर शून्य असतो, उजवीकडे नेला की एन्व्हलप कटऑफ उघडतो, डावीकडे नेला की उलटा मिटवतो.

मायक्रोफ्रीकवर अटॅक, सस्टेन आणि एकत्र डीके-रिलीज असे नॉब आहेत, म्हणजे सूर टिकवण्याची पातळी स्वतंत्र ठरवता येते. वर दुसरा एक फिरता एन्व्हलपही आहे, जो एकदाच चालवा किंवा पुन्हापुन्हा. आणि राक्षसासाठी त्याच्याकडे स्वतःचं एक उत्तर आहे. त्याच्या पट्ट्या हलत नाहीत. सपाट पृष्ठभाग बोटाचा स्पर्श ओळखतो आणि बोट किती टेकलंय तेही मोजतो. जाळीत प्रेस (बोटाचा दाब) आणि कटऑफचा चौक घरूनच जोडून ठेवला, तर सा धरून बोट दाबत नेलं की तेच एक बोट आवाज उघडतं, डावा हात मोकळा. पेटीवाल्याला भाता दाबल्याचा आनंद इथे मिळतो. फक्त मे महिन्यात घामेजलेलं बोट थोडं जास्तच पसरतं, त्यामुळे प्रमाण कमी ठेवा आणि शेजारी कोरडा पंचा असू द्या.

चार सूर एकत्र हवे असतील तर मायक्रोफ्रीकमध्ये तीही सोय आहे, पण चारही सुरांना फिल्टर एकच. एकासाठी झाकण उघडलं की सगळ्यांसाठी उघडतं.

पट्टी आणि गंधार

मोनोलॉगच्या २५ पट्ट्या पांढरी तीनपासून (E) सुरू होतात, पांढरी एकपासून (C) नाही. डाव्या टोकाला बोट ठेवून सा शोधायची सवय असेल तर पहिला आठवडा हात चुकतो. पांढरी एक तुम्हाला सहाव्या पांढऱ्या पट्टीवर सापडेल. मायक्रोफ्रीकच्याही पट्ट्या २५ आहेत, पण त्या पांढरी एकपासूनच सुरू होतात.

भजनी मंडळातल्या मुलाला मात्र मी एका गोष्टीसाठी मोनोलॉगच सुचवला: त्यात स्वर स्वतः लावता येतात. पेटीच्या समान अंतराच्या स्वरांमध्ये शुद्ध गंधार ४०० सेंटवर असतो, तर तंबोऱ्यातून ऐकू येणारा गंधार ३८६ च्या आसपास. हे १४ सेंट ज्याच्या कानाला टोचतात त्याला ते दुरुस्त करायची मुभा मिळणं फार मोठी गोष्ट आहे. आमच्या मंडळातले बुवा डोळे मिटून गातात. गंधार खाली उतरवल्या दिवशी त्यांनी एकदा डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटले.

आवाज बदलल्यावर नॉब खोटं बोलतो

स्टाईलवाल्या कीबोर्डवरून येणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही. साठवलेला आवाज लावला की कटऑफचा नॉब डोळ्यांना अर्धा उघडा दिसतो, पण साठवणीत तो बंद असतो. तुम्ही त्याला हात लावताच आवाज एकदम उडी मारतो. दोन्ही वाद्यांच्या सेटिंगमध्ये तीन पर्याय आहेत: लगेच उडी, किंवा नॉब साठवलेल्या जागेवरून जाईपर्यंत थांबणं, किंवा प्रमाणात सरकत जाणं. नाटकासाठी मी थांबण्याचा पर्याय ठेवतो आणि प्रवेशाआधी नॉब त्या जागेवर आणून ठेवतो. मोनोलॉगच्या पडद्यावर लहरीचा आकार हलताना दिसतो, शिकताना त्याचा फार उपयोग होतो. कटऑफ मिटवला की करवतीचे दात डोळ्यांदेखत झिजतात.

लाईट जाण्याबद्दल थोडक्यात. मोनोलॉग ६ पेन्सिल सेलवर चालतो, त्याचा अ‍ॅडॉप्टर वेगळा घ्यावा लागतो. मायक्रोफ्रीकला स्वतःचा अ‍ॅडॉप्टर आहे, आणि तो यूएसबीवरही चालतो. पॉवर बँक वापरणार असाल तर आधी घरी तासभर चालवून बघा. पावसाळ्याआधी सेल काढून ठेवा. आपल्याकडची खारी दमट हवा नॉबांच्या आत शिरते. माझ्या एका जुन्या कीबोर्डचा व्हॉल्यूम दोन पावसाळ्यांत खरखरायला लागला होता. तेव्हापासून सगळं झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, आणि दर पंधरा दिवसांनी प्रत्येक नॉब टोकापासून टोकापर्यंत दहा वेळा फिरवतो.

हात आखडता असेल तर दोन लहान भाऊही आहेत. कोर्गचा व्होल्का कीज: एक नॉब एक काम, तीन सूर, स्वतःचा छोटा स्पीकर, पण घडवलेला आवाज साठवता येत नाही, वहीत नॉबांची चित्रं काढून ठेवावी लागतात. शिकायला याहून चांगलं मला माहीत नाही. रोलँडचा एस-१ खिशात मावेल एवढा, आत चार्ज होणारी बॅटरी, पण बरीच कामं शिफ्टच्या बटणाखाली दडलेली. प्रवासात छान, जत्रेत नको.

आपल्या भागातल्या दुकानांत ही वाद्यं हाताळायला मिळणं कठीण. मुंबईला गेलात तर धोबी तलावला चक्कर मारा, स्वतःचा हेडफोन घेऊन जा. दुकानदार सर्वांत भारी आवाज लावून देईल, त्याला हात जोडून इनिट नावाचा साधा आवाज लावायला सांगा. सा धरून ठेवा. कटऑफ मिटवा, उघडा. एलएफओ कटऑफला जोडून बघा आणि किती पावलं लागली ती मोजा. मग डोळे मिटा, हात मांडीवर आणा, आणि सा न सोडता डाव्या हाताने कटऑफ शोधा. तीनदा.