विकासाची बातमी करायची कुठे: सरकारी दैनिकात की खासगी?

विकास पत्रकारिता, म्हणजे विकास योजना लोकांपर्यंत पोचतात का याच्या बातम्या, करायची आहे आणि एक नोकरी सरकारी दैनिकात, दुसरी खासगी दैनिकात मिळतेय. अशा वेळी पगाराच्या आधी एक गोष्ट तपासा: योजना फसली, तर ती कोणामुळे फसली हे नावानिशी छापता येईल का?

झिम्बाब्वेत एकाच संपादकाने दोन्ही बाजू अनुभवल्या. बुलावायोचं ‘द क्रॉनिकल’ हे सरकारी वर्चस्वाखालचं दैनिक. १९८८ साली संपादक जेफ्री न्यारोटा यांनी त्यात मोटारींचा घोटाळा उघड केला. मंत्री विलोव्हेल मोटार कारखान्यातून नियंत्रित दराने गाड्या घेत आणि चढ्या भावाने विकत. चौकशी आयोग बसला, मंत्र्यांनी राजीनामे दिले. म्हणजे सरकारी दैनिकातून हे काम होऊ शकतं. पण न्यारोटांना ‘बढती’ देऊन हरारेत जनसंपर्काच्या पदावर हलवलं गेलं. मला ही बढती बंदीपेक्षा भयंकर वाटते. कोणाला काढलं नाही, तरी बाकीच्या बातमीदारांना जे कळायचं ते कळलंच.

पुढे १९९९ मध्ये त्यांनी खासगी ‘डेली न्यूज’ सुरू केलं. खपात ते सरकारी ‘द हेरल्ड’च्या पुढे गेलं. २००१ मध्ये त्याचा छापखाना स्फोटाने उडवला गेला आणि २००३ मध्ये नोंदणीच्या कायद्याखाली दैनिक बंद पाडलं गेलं. तेव्हा खासगीत निर्धास्त राहता येतं, असंही समजू नका.

रोजच्या कामात सरकारी दैनिकाची ताकद मोठी: जिल्ह्याजिल्ह्यात प्रतिनिधी, अधिकाऱ्यांची उघडी दारं. पण पहिलं पान लोकार्पणांनी भरतं आणि दोन वर्षांनी त्या नळाला पाणी येतं का, हे बघायला कोणी पाठवत नाही. शिवाय सरकारी गाडीतून उतरलेल्या बातमीदाराशी गावकरी मोकळेपणी बोलत नाहीत. खासगीत प्रश्न विचारता येतो, मात्र गावात मुक्काम करायचा खर्च मिळेलच असं नाही. सरकारी जाहिरातींचा दाबही असतोच. महाराष्ट्र सरकारचं दैनिक नाही, ‘लोकराज्य’ हे मासिक आहे. इथल्या बातमीदाराला तो दाब जाहिरातींतूनच जाणवतो.

घानात ‘डेली ग्राफिक’ सरकारी मालकीचं आहे. तिथल्या १९९२ च्या राज्यघटनेनुसार सरकारी माध्यमांनी विरोधी मतांनाही वाजवी संधी द्यायची असते आणि त्यांची संचालक मंडळं राष्ट्रीय माध्यम आयोग राष्ट्राध्यक्षांशी सल्लामसलत करून नेमतो. असं कवच असेल, तर मी सरकारी दैनिक निवडेन. संपादकाची नेमणूक थेट मंत्री करत असेल, तर पगार कमी असला तरी खासगी.

मुलाखतीला जाण्याआधी त्या दैनिकाचे वर्षभराचे अंक चाळा. फसलेल्या योजनेचा पाठपुरावा करणारी एक तरी बातमी शोधा. सापडली, तर ती लिहिणाऱ्याला आज कुठे बसवलंय, तेही विचारा.