ईआरपीचं ट्रेनिंग: पार्टनरच्या माणसाकडून की आपल्याच की-युजरकडून?

भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, कुठल्याही मध्यम कारखान्यात डोकावा. हिशेब टॅलीत, स्टॉक एक्सेलमध्ये, आणि जॉबवर्कला बाहेर गेलेल्या मालाचा खरा पत्ता स्टोअरकीपरच्या वहीत. मग मालक ईआरपी (हिशेब, स्टॉक, खरेदी, उत्पादन सगळं एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) घ्यायचं मनावर घेतो, कोटेशन येतं आणि घासाघीस सुरू झाली की पहिली कात्री 'ट्रेनिंग'च्या ओळीला लागते. उरलेले चार दिवस पार्टनरच्या (म्हणजे सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या कंपनीच्या) माणसाला द्यायचे, की आपलेच दोघं-तिघं 'की-युजर' म्हणून तयार करून त्यांच्याकडून बाकीच्यांना शिकवून घ्यायचं, हा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

आधी हे बघू की शिकवायचं नक्की काय असतं. बटणं कुठे आहेत हे कुणीही आठवड्यात शिकतो. अडतं ते सवयीपाशी. टॅलीत व्हाउचर चुकलं तर उघडलं, आकडा बदलला, संपलं. (प्रायव्हेट लिमिटेड असाल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग सक्तीचा आहे, म्हणजे खाडाखोड दिसते, पण बदल करता येतोच.) ईआरपीनेक्स्ट या ईआरपी सॉफ्टवेअरमध्ये 'सेव्ह' केलं की तो नुसता ड्राफ्ट, 'सबमिट' केलं की पक्कं. समजा स्टोअरकीपरने ५० किलोच्या जागी ५०० किलो आवक टाकून सबमिट केली. आता आकडा दुरुस्त होत नाही. ती पावती रद्द करायची, मग 'अमेंड' करून नवी काढायची, तिच्या नंबरामागे '-१' लागतो. आणि त्या पावतीवर अकाउंट्सने खरेदीचं बिल आधीच जोडलं असेल, तर आधी ते बिल रद्द करावं लागतं. म्हणजे स्टोअरमधली एक चूक अकाउंट्सच्या टेबलावर जाऊन बसते.

डिस्पॅचला हेच आणखी महागात पडतं. वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर ऑगस्ट २०२३ पासून जीएसटी नोंदणी असलेल्या व्यवसायांना जाणारी बिलं ई-इन्व्हॉइस म्हणूनच काढावी लागतात, आणि पोर्टलवर आयआरएन (ई-इन्व्हॉइसचा नोंदणी क्रमांक) रद्द करायला मिळतात फक्त २४ तास. त्यानंतर क्रेडिट नोट. शनिवारी संध्याकाळी गाडी भरताना चुकलेला दर सोमवारी सकाळी लक्षात आला, तर उशीर झालेला असतो. हे ज्याच्या अंगवळणी पडलं, त्याचं ट्रेनिंग झालं असं मी म्हणेन. हजेरीपटावर सही केली म्हणून नाही.

पार्टनरचा माणूस

त्याची बाजू भक्कम आहे, यात वाद नाही. त्याला पूर्ण साखळी दिसते: खरेदी ऑर्डरपासून पेमेंटपर्यंत. एखादं सेटिंग चुकलं असेल तर तो तिथल्या तिथे ओळखतो. शिवाय बाहेरचा असल्यामुळे 'आमच्याकडे असंच चालतं' हे तो ऐकून घेत नाही.

पण तो शिकवतो डेमो डेटावर. 'आयटम ००१', 'सप्लायर ए', सगळं नगावर, सगळं सरळ. तुमचे पार्ट मात्र प्रेसवर नगाने मोजले जातात, प्लेटिंगला किलोवर जातात आणि परत येताना प्लेटरच्या चलनावर पुन्हा किलोच असतात. दोन एककांचा हा गुंता डेमोत येत नाही, आणि गो-लाइव्हनंतर, म्हणजे सिस्टीम प्रत्यक्ष कामाला लागल्यावर, पहिल्याच आठवड्यात स्टॉक जुळेनासा होतो. दुसरं, दिवसाच्या हिशेबाने पैसे घेणारा माणूस सगळ्या खात्यांना एकाच हॉलमध्ये बसवतो. क्यूसीवाला (मालाची तपासणी करणारा) दोन तास जर्नल एंट्री बघत बसतो. आणि गो-लाइव्ह पुढे ढकललं गेलं (ओपनिंग स्टॉक जुळत नाही म्हणून ते जातंच) की तीन आठवड्यांपूर्वीचं सगळं विसरलेलं असतं.

आपला की-युजर

रात्रपाळीत दोन वाजता सिस्टीम अडली तर फोन कुणाला करायचा? पार्टनरला नक्कीच नाही. की-युजरचं सगळ्यात मोठं मोल हेच. प्लेटिंगचा किलो आणि नग त्याला कुणी समजावून सांगावा लागत नाही, आणि शिकणाराही त्याच्यापुढे 'कळलं नाही' म्हणायला लाजत नाही.

त्याची किंमत कोटेशनमध्ये दिसत नाही, म्हणून ती फुकट वाटते. ती फुकट नाही. बहुतेक ठिकाणी की-युजर म्हणून जो मोकळा असतो त्याला नेमतात. नेमायला हवा तो, ज्याला दोन तास उचललं तर खातं अडतं. म्हणजे त्याचं रोजचं काम दुसऱ्या कुणाकडे तरी द्यावं लागणार. एवढी तयारी नसेल तर हा पर्याय निवडूच नका. शिवाय ईआरपी शिकलेला माणूस बाजारात महाग होतो आणि जातो. त्यामुळे खात्यामागे दोघं हवेत. तिसरा धोका कुणी बोलत नाही: तो जुन्या सवयीही शिकवतो. 'आत्ता सबमिट करू नकोस, महिनाअखेरीस एकदम करू' हे वाक्य एकदा स्टोअरमध्ये रुजलं की मालकाच्या स्क्रीनवरचा स्टॉक खोटाच.

व्हिडिओंबद्दल थोडक्यात. ईआरपीनेक्स्ट बनवणाऱ्या फ्रॅपेचे ऑनलाइन कोर्स आहेत, अकाउंट्स आणि खरेदीवाल्यांना ते उपयोगी पडतात. शॉप फ्लोअरवर कुणी बघत नाही. त्यापेक्षा की-युजरने आपल्याच स्क्रीनवर, मराठीत, एका कामाचा एकच असा तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ करून ग्रुपवर टाकलेला बरा.

मग कुणी काय घ्यावं

सिस्टीम वापरणारे आठ-दहाच लोक, एकच पाळी असेल तर पार्टनर घ्या. तिथे प्रत्येक जण स्वतःच एक खातं असतो, की-युजरचा देखावा कशाला? पंचवीस-तीस लोक, दोन पाळ्या आणि बाहेरचं जॉबवर्क असेल, तर माझं मत की-युजरच्या बाजूने. पण पार्टनरचे दिवस कापू नका, वाटून घ्या. निम्मे गो-लाइव्हच्या आधी, फक्त की-युजरसाठी, आणि तुमच्याच आयटम मास्टरवर (सिस्टीममधल्या तुमच्या मालाच्या मूळ यादीवर). निम्मे नंतरच्या महिन्यात ११ आणि २० तारखेच्या आसपास, कारण जीएसटीआर-१ आणि ३बी ही जीएसटीची महिन्याची रिटर्न्स भरताना सगळ्या चुका वर येतात.

मुहूर्त १ एप्रिलचा धरू नका. सीए म्हणेल ओपनिंग बॅलन्सला तेच सोपं, आणि ते खरंही आहे. पण मग ट्रेनिंग मार्चमध्ये येतं, जेव्हा स्टॉक मोजणी आणि वर्षाखेरीच्या डिस्पॅचमुळे कुणाला मान वर करायला फुरसत नसते. १ जुलै बरा. मध्येच ट्रायल बॅलन्स घ्यावा लागेल, तो त्रास परवडतो.

करारात दोन गोष्टी लिहून घ्या. शिकवायला येणारा माणूस तोच असेल ज्याने तुमची सिस्टीम बसवली. आणि ट्रेनिंगचा शेवटचा हप्ता हजेरीपटावर नाही, तर प्रत्येकाने टेस्ट सर्व्हरवर स्वतःची एक चुकीची एंट्री रद्द करून अमेंड करून दाखवल्यावर.