सोलापुरात जुना व्हायब्रो चँप: ८ महिने वाजवल्यावर

डिसेंबरात फेंडर कंपनीचा व्हायब्रो चँप हा गिटारचा अँप घेतला. सत्तरच्या दशकातला, चंदेरी पॅनेलचा. साधारण ५ वॉट, ८ इंची स्पीकर, पॉवरला एकच ६व्ही६ जातीचा व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असायची तशी काचेची नळी).

त्याआधी मी कायम ट्रान्झिस्टरच्या अँपवर वाजवलं. तिथे हात जोरात पडला की आवाज फक्त मोठा होतो, आणि हद्द ओलांडली की एकदम फाटतो. चँपचा आवाज आधी जाड होतो, मग सावकाश खरखरायला लागतो. व्हॉल्यूम ६ वर ठेवून तार हलकी छेडली तर घंटेसारखी गोल वाजते. तीच जोरात ओढली की गुरगुरते. गिटारवरचा व्हॉल्यूम थोडा उतरवला की पुन्हा स्वच्छ. आवाज बदलणाऱ्या पेडलला पाय लावावाच लागत नाही. एकट्या पॉवर व्हॉल्व्हमुळे मूळ सुरात त्याचाच वरच्या सप्तकातला सूर मिसळतो. तो भरलेपणा मला दुसऱ्या कुठल्याच अँपमध्ये मिळालेला नाही.

त्याच्या ‘व्हायब्रॅटो’त सूर हलत नाही, आवाज कमीजास्त होतो, म्हणजे खरं तर ट्रेमोलो. संथ गतीला ठेवा, फार सुंदर लागतो.

विकणाऱ्यानं ‘सर्व्हिस केलाय’ म्हणून दिला होता. घरी लावला तर नुसती घरघर. नवी पेठेजवळ व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करणारे एक काका आहेत. मागची फळी काढताच म्हणाले, “अरे, हा तर आमचा रेडिओच की! ६व्ही६ किती बदललेत मी.” पॉवर सप्लायचे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) जुनेच होते, सुकलेले. ते बदलल्यावर घरघर जवळपास गेली. हे काम घरी करू नका. प्लग काढल्यावरही आत जीवघेणा व्होल्टेज साठलेला राहतो. स्पीकरची वायर काढून चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

अँप अमेरिकन, म्हणून २३० वरून १२० व्होल्टचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच. वॉट भरपूर असलेला घ्या आणि घरातलं अर्थिंग आधी तपासून घ्या. आमच्या जुन्या घरात ते नव्हतंच, नवीन करून घेतलं.

बँडसोबत ड्रम असतील तर हा पुरत नाही, माईक लावावा लागतो. मे महिन्यात अँप एवढा तापायचा की मी रात्री नऊनंतरच गच्चीवर वाजवायचो. तरी व्हॉल्व्ह अजून तेच आहेत. स्पीकरचा कागद कडेला जरा सैल वाटतोय, तेवढा पुढच्या आठवड्यात काकांना दाखवायचाय.