सेस्ना १७२ एन : उजव्या सीटवरचा अनुभव

आधीच सांगते, विमान नवरा चालवतो. माझ्याकडे लायसन्स नाही. पायलटच्या शेजारी बसणाऱ्यांसाठी एक छोटा कोर्स असतो, तो मी केलाय. त्यात रेडिओवर बोलायला आणि वेळ आलीच तर विमान सरळ ठेवून खाली उतरवायला शिकवतात. आमचं सेस्ना म्हणजे एका इंजिनाचं छोटं विमान, १९७८ सालचं, १६० हॉर्सपॉवरचं, भागीदारीत घेतलेलं. टेक्सासहून निघून न्यू मेक्सिको, ॲरिझोना, युटा, कोलोरॅडो, कॅन्सस, ओक्लाहोमा करत परत, अशी एक लांबलचक फेरी आम्ही दोघांनी केली. आधी-नंतर लहानसहान फेऱ्या चालूच होत्या.

सगळ्यात आधी लोक विचारतात, चार सीटचं आहे ना? आहे, कागदावर. या मॉडेलचं कमाल वजन २,३०० पौंड. आमचं विमान रिकामं साधारण १,४५० भरतं. स्टँडर्ड टाक्यांमधलं वापरता येणारं ४० गॅलन इंधन म्हणजे आणखी २४० पौंड. उरलेल्या सहाशेत चार धडधाकट माणसं आणि बॅगा बसवून दाखवाच. दोघांसाठी मात्र हे विमान झकास: मागच्या सीटवर जाकिटं, पाणी, खाऊ, आणि वजनाचा हिशेब तरी आरामात जमतो.

वेगाच्या अपेक्षा ठेवू नका. ११० नॉट्स, म्हणजे ताशी सव्वाशे मैल, आणि तासाला आठ गॅलनच्या आसपास इंधन. समोरून ३० नॉट्सचा वारा आला की सगळी मिजास उतरते. पश्चिम टेक्सासात आय-१० या महामार्गावर ताशी ८० मैलांची मुभा आहे. तिथल्या गाड्या मग बराच वेळ आमच्या खालीच दिसत राहतात!

खरी परीक्षा सँटा फेला झाली. हा विमानतळ ६,३४९ फुटांवर आहे. त्या उंचीला तापमान दोन-तीन अंश सेल्सिअस असेल असं गणितात धरलेलं असतं, आणि दुपारी पारा होता ३२ वर. गरम हवा विरळ असते, म्हणून विमान आणखी उंचावर असल्यासारखं वागतं. प्रत्येक जादा अंशाला ढोबळ १२० फूट धरले, तर इंजिन आणि पंखांच्या दृष्टीनं आपण ९,९०० फुटांवर उभे. समुद्रसपाटीला मिनिटाला ७७० फूट चढणारं हे विमान तिथे निम्मंही चढत नाही. नवरा मॅन्युअलमधले तक्ते घेऊन बसला, बोट फिरवत दोनदा आकडे जुळवले, आणि म्हणाला, "चल, हॉटेल बघ." दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला १२ अंश होते, तोच हिशेब साडेसात हजारांवर आला. टाक्या अर्ध्याच भरल्या, टेकऑफच्या आधी मिक्श्चर लीन केलं, म्हणजे विरळ हवेच्या मानानं इंजिनात जाणारं इंधन कमी केलं, आणि निघालो. रनवे संपायच्या बऱ्याच आधी चाकं सुटली. डोंगराळ राज्यांत उन्हाळ्यात हे विमान सकाळचंच आहे, असं मी बेधडक म्हणेन.

त्यात दुपारचे पावसाळी ढग. जुलै ते सप्टेंबर न्यू मेक्सिको-ॲरिझोनात ते जवळपास ठरल्या वेळी उभे राहतात. टॅब्लेटवर एडीएस-बीमधून, म्हणजे विमानांसाठी जमिनीवरून प्रसारित होणाऱ्या माहितीतून, फुकटात पावसाच्या रडारचं चित्र येतं, पण ते पंधरा-वीस मिनिटं जुनं असू शकतं, म्हणून ढगांच्या मधून वाट काढायला ते अजिबात वापरायचं नाही. आमचा नियम साधा: दुपारच्या जेवणाच्या वेळेपर्यंत खाली. न्यू मेक्सिकोतल्या तुकुमकारीत वाऱ्यामुळे अडकलो तेव्हा विमानतळाच्या काउंटरवरून जुनी गाडी मिळाली. भाडं नाही, फक्त परत देताना पेट्रोल भरायचं. लहान विमानतळांची ही पद्धत मला प्रचंड आवडते. पण सोमवारी ऑफिसला हजर व्हायचं असेल तर या विमानावर विसंबू नका. आम्ही परतीची तारीख कुणालाच सांगत नाही, माझ्या आईलासुद्धा. तिला फक्त उतरल्यावर मेसेज जातो.

आता आतली गोष्ट. आवाज भयंकर, तेव्हा नॉइज कॅन्सलिंग हेडसेटवर कंजुषी करू नका. काचेच्या वरच्या कोपऱ्यातल्या नळ्या बाहेर ओढल्या की वारा येतो, तोच आपला एसी. हीटर एक्झॉस्टच्या मफलरभोवतीची गरम हवा आत आणतो. मफलरला चीर गेली तर कार्बन मोनॉक्साइडही येणार. कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर लावल्याशिवाय मी थंडीत बसत नाही. टॉयलेट नाही. इंधन चार-पाच तासांचं असलं तरी आमची उडी अडीच तासांची असते, ती याच कारणानं.

निघण्यापूर्वी टाक्यांत काठी बुडवून इंधन मोजायचं काम माझं, कारण गेजवर आमचा दोघांचाही विश्वास नाही. मग पंखाखालच्या झडपेतून पारदर्शक कपात थोडं काढून बघायचं. निळसर आणि स्वच्छ हवं. पाणी असेल तर तळाशी वेगळा थेंब दिसतो.

आणि हे सगळं कशासाठी? पंख डोक्यावर असल्यानं खालचं सगळं उघडं दिसतं. न्यू मेक्सिकोतल्या शिपरॉक या उंच खडकापासून निघालेल्या लाव्हाच्या भिंती मैलोनमैल वाळवंटात कशा पसरत जातात, ते रस्त्यावरून कळत नाही. कॅन्ससमध्ये एकेक मैलाचे चौकोन तासभर सरकत राहतात. तिथे मी डुलकी काढली. एकच तक्रार: विमान ज्या बाजूला वळतं तिकडचा पंख नेमका बघायच्या गोष्टीवर येतो.

खर्चाचं थोडक्यात: इंधन हा त्यातला छोटा भाग. हँगर, विमा, दरवर्षीची सक्तीची तपासणी, आणि २,००० तासांनी येणाऱ्या इंजिन ओव्हरहॉलसाठी (इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त करणं) दर तासामागे बाजूला काढायचे पैसे. भागीदारीशिवाय आम्हाला झेपलं नसतं. लहान ठिकाणी लँडिंग फी बहुधा नसते, आणि आपल्या हातानं भरायच्या पंपावर इंधन स्वस्त पडतं.

सध्या भागीदारांमध्ये १८० हॉर्सपॉवरचं इंजिन बसवायची चर्चा चालू आहे. नवरा हो म्हणतोय. मी नाही म्हटलंय: तेवढ्या पैशात कित्येक वर्षांचं इंधन येईल, आणि सकाळी सहाला उठायची सवय आता झालीच आहे.