वेताच्या दोन खुर्च्या, दहा महिने आणि सोलापूरचं ऊन

गेल्या दिवाळीच्या पाडव्याला या दोन खुर्च्या घरी आल्या. सागवानी चौकट, वेताची बैठक आणि पाठ, रुंद हात, आणि बाजूने पाहिलं तर उलट्या 'व्ही'सारखे पाय. ऑनलाइन दुकानांत 'चंदीगड चेअर' म्हणून विकतात त्या याच. जोडीला 23,000 रुपये पडले. घरात सगळ्यांना ते जास्त वाटले, मलाही वाटले होते. पण मी टॉवेल-चादरीच्या चार कारखान्यांचे हिशेब आणि जीएसटी घरून बघते. दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीतच जातात, म्हणून खुर्चीत पैसे घालायचं ठरवलं.

आधीची खुर्ची चाकांची, फोम आणि रेक्झिनची होती. जुळे सोलापुरात आमची वरच्या मजल्यावरची खोली आहे, डोक्यावर थेट गच्ची. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 पर्यंत चढतो. दुपारी तीनला त्या रेक्झिनवरून उठलं की पाठ आणि मांड्या घामाने चिंब. दोन उन्हाळे घामोळ्यांत काढले. वेताच्या बैठकीत हवा खालून वर खेळते. वाचून पटलं होतंच, पण या उन्हाळ्यात ते अंगाला कळलं. मेच्या भर दुपारी तीन-तीन तास बसून उठले तरी कपडे कोरडे. बाकी तक्रारी पुढे सांगतेच, पण खुर्ची ज्यासाठी घेतली ते काम तिने चोख केलं.

पहिल्या दिवशी सासऱ्यांनी खुर्ची उलटी करून खालून पाहिली. ते गिरणीच्या टाइम ऑफिसात होते. म्हणाले, "अगं, ही तर आमच्या कचेरीतली खुर्ची. फक्त हिच्या पाठीवर नंबर नाही." त्यांचं म्हणणं खरंच आहे. 1951 मध्ये चंदीगड उभारायचं काम वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांच्याकडे आलं, तेव्हा त्यांचे नात्यातले भाऊ पिएर जानरे सोबत आले. कॉर्बुझिए येऊन-जाऊन असत, जानरे मात्र 1965 पर्यंत तिथेच राहिले. नव्या शहरातल्या कचेऱ्या, न्यायालय, विद्यापीठ, ग्रंथालय या सगळ्यांना हजारोंनी टेबल-खुर्च्या लागणार होत्या. त्यांच्या गटाने आराखडे काढले. त्या गटात उर्मिला यूली चौधरी यांच्यासारख्या भारतीय वास्तुविशारदही होत्या. आराखड्यांवरून खुर्च्या बनवल्या वेगवेगळ्या स्थानिक सुतारांनी, त्यामुळे मूळच्या दोन खुर्च्यासुद्धा तंतोतंत सारख्या सापडत नाहीत. ओल आणि वाळवीला दाद देत नाही म्हणून सागवान, उकाड्यासाठी वेत. पाठीमागे खात्याची अक्षरं आणि नंबर रंगाने टाकलेले. म्हणजे कारकुनाने दिवसभर बसून काम करावं म्हणून केलेली ही वस्तू. पुढे त्याच खुर्च्या भंगार म्हणून गच्च्यांवर रचून ठेवल्या, लिलावात काढल्या, आणि पॅरिस-न्यूयॉर्कच्या बाजारात एकेक नग लाखांत विकला गेला. 2011 मध्ये केंद्र सरकारने या वारसा फर्निचरच्या विक्रीला आणि निर्यातीला आळा घातला. जानरे 1967 मध्ये जिनिव्हात वारले, त्यांच्या अस्थी चंदीगडच्या सुखना तलावात विसर्जित केल्या आहेत. हे वाचल्यापासून या खुर्चीकडे मी नुसती फॅशन म्हणून पाहू शकत नाही.

आता मुख्य तक्रार. मूळ खुर्च्यांची बैठक हाताने विणलेली असे. चौकटीला भोकं पाडायची आणि वेताचा एकेक धागा त्यातून ओढून जाळी भरायची. माझ्या खुर्च्यांना मशीनवर विणलेल्या जाळीचा तयार तुकडा होता, कापडाच्या ताग्यातून कापतात तसा. चौकटीला चारी बाजूंनी खाच पाडलेली, जाळीच्या कडा त्यात दाबलेल्या आणि वरून गोल पट्टी गोंद लावून ठोकलेली. ही पद्धत मुळातच वाईट असं नाही, नीट केली तर वर्षानुवर्षं टिकते. पण विकताना वेबसाइटवर 'हँडवोव्हन' लिहिलं होतं आणि मी फोटो मोठा करून पाहिला नाही. ओळखायची खूण सोपी आहे. खुर्ची उलटी करा. चौकटीच्या खालच्या बाजूला भोकांची रांग आणि त्यातून गेलेले धागे दिसले तर ती हातची. खाली काहीच नसेल आणि वर कडेने सलग पट्टी असेल तर ती ताग्यातली.

मार्चच्या शेवटी एका खुर्चीची जाळी मधे झोळी पडल्यासारखी दिसू लागली. सासरे म्हणाले, "ताणा सैल सुटलाय." एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी फोनवर बोलत बसले असताना टक् असा आवाज झाला आणि उजव्या बाजूची पट्टी खाचेतून उपटून आली. गोंद वाळून भुगा झाला होता. विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं की वेत नैसर्गिक असल्याने वॉरंटीत बसत नाही. गोंद तर नैसर्गिक नव्हता, तेही लिहिलं. त्यावर उत्तर नाही.

पण दोन्ही खुर्च्या एकाच दिवशी आल्या, एकाच खोक्यातून, आणि मोडली एकच. का, हे कळायला मला आठवडा लागला. मोडलेली माझ्या कामाच्या खोलीत होती, तिथे एसी आहे. दुसरी बाहेरच्या खोलीत, कूलरच्या झोताजवळ. कूलरची हवा ओलसर असते, एसी हवेतली होती-नव्हती ती ओलही काढून घेतो. आमचं हवामान आधीच कोरडं, त्यात एसी म्हणजे वेताला दुहेरी शिक्षा. वेत ही वेलीसारखी चढणारी ताडवर्गीय वनस्पती, वाढते दमट जंगलात. तिच्या सालीचेच हे धागे करतात. ओल गेली की ते ठिसूळ होतात.

मग आम्हाला खुर्च्या विणणारे एक काका भेटले. त्यांना दिसत नाही. खुर्च्या विणायचं काम ते शाळेत शिकले आणि एका सरकारी कचेरीत त्याच कामावर निवृत्त झाले. पूर्वी सरकारी कचेऱ्यांत, रेल्वेत या कामावर दृष्टी नसलेली माणसं नेमत असत. काकांनी फुटलेल्या जाळीवरून अंगठा फिरवला आणि पहिलं वाक्य बोलले: "ताई, हिला कधी पाणी पाजलंच नाही का?"

त्यांनी अट घातली की खाचेची चौकट चालणार नाही, भोकांची हवी. बैठकीची चौकट चार स्क्रूंवर बसलेली होती, ती सुटी झाली. मिस्त्रींनी पाडलेल्या वाड्याच्या जुन्या सागवानी तुळईतून तशीच नवी चौकट करून दिली आणि अर्ध्या-अर्ध्या इंचावर भोकं पाडली. काका दोन दिवस आमच्या ओसरीवर बसून विणत होते. धागे आधी वीसेक मिनिटं पाण्यात. मग पहिली फेरी उभी, दुसरी तिच्यावरून आडवी, तिसरी पुन्हा उभी, चौथी पुन्हा आडवी. ही मात्र एक वर-एक खाली अशी गुंफत न्यायची. मग दोन तिरप्या, एक या कोपऱ्यातून आणि एक त्या. सातवी म्हणजे भोकं झाकणारा काठ. तिरपी फेरी कुठून वळवायची ते भोकं बोटाने मोजून ठरवत होते. मधेच एक धागा चुकीच्या बाजूने गेला तर चार घरं पुढे गेल्यावर थांबले, मागे आले आणि नेमका तोच उसवला. तिरप्या फेऱ्या पडल्यावर चौकोनी जाळीची भोकं हळूहळू अष्टकोनी होतात. ते होताना बघायला शेजारची मुलंही येऊन बसली होती. विणून झाली तेव्हा बैठक थोडी सैल वाटली. काका म्हणाले, वाळू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बोटाने टिचकी मारली तर डफासारखी वाजली.

खर्च असा आला: वेत आणि विणकाम 1,900, चौकट 1,200. विकत घेतलेल्या खुर्चीच्या किमतीच्या मानाने मला हा जास्त वाटला नाही. दोन दिवस एक माणूस पाठ वाकवून बसला होता.

पाणी पाजायची रीत त्यांनी सांगितली तीच लिहिते, कारण बऱ्याच ठिकाणी उलटं सांगतात. वेताची वरची चकचकीत बाजू पाणी पीत नाही. खुर्ची उलटी करायची आणि खालच्या, खरखरीत बाजूला स्प्रेने पाणी मारायचं, किंवा ओलं फडकं अर्धा तास ठेवायचं. मग सावलीत वाळवायची, उन्हात अजिबात नाही. वाळताना ती आपोआप ताणली जाते, आणि पूर्ण वाळेपर्यंत कुणी बसायचं नाही. उन्हाळ्यात मी दर पंधरा दिवसांनी करते, एरवी दोन महिन्यांतून एकदा पुरतं. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, पण एका खुर्चीला पेलाभर पुरतं.

लाकडाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, ते चांगलं निघालं. हातांवर चकचकीत पॉलिश नव्हतं, नुसतं तेल होतं. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या वेळी घर पाहुण्यांनी भरलं होतं तेव्हा कुणाच्या तरी हाताचा शेंगा चटणीचा तेलकट लाल डाग खुर्चीच्या उजव्या हातावर पडला. बारीक पॉलिश पेपर आणि उकळलेलं जवसाचं तेल लावल्यावर तो लाकडात मुरून दिसेनासा झाला. लॅमिनेट असतं तर निघालाही असता, पण चरा पडला तर असा मिटला नसता. एक सांगते, जवसाच्या तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा.

कामाची खुर्ची म्हणून काय खटकतं तेही सांगायला हवं. उंची कमी-जास्त होत नाही. माझी उंची पाच फूट, त्यामुळे पाय जमिनीवर पुरते टेकत नाहीत. चार तासांनंतर बैठकीची पुढची लाकडी कड मांडीखाली रुतते. मी पायाखाली लाकडी पाट घेतला, मग बरं झालं. खुर्चीचे हात टेबलाच्या ड्रॉवरला अडतात, ड्रॉवर शेवटी काढून ठेवला. पाठ किंचित मागे कललेली आहे. वाचायला, फोनवर बोलायला फार छान, सलग टायपिंगला नाही. मार्चअखेरच्या दिवसांत मी कमरेमागे उशी घ्यायचे. थंडीत सोलापुरी चादर चौघडी करून बैठकीवर घालते, उन्हाळ्यात ती काढावीच लागते, नाहीतर वेत असून उपयोग काय. मोडलेल्या जाळीच्या एका टोकात माझ्या इरकलीचा धागा अडकून ओढला गेला, त्याचं अजून वाईट वाटतं. एखादं टोक वर आलं की लगेच कापून टाका. आणि पंखा पुसायला कुणालाही या खुर्चीवर उभं राहू देऊ नका. सगळा भार एका टाचेवर आला की जाळी फाटतेच.

आज कुणी विचारलं तर मी सांगेन, याच आकाराची खुर्ची घ्या पण गावातल्या मिस्त्रींकडून करून घ्या, आणि बैठक हाताने विणून घ्या. फोटो आणि मापं दाखवली की चांगला मिस्त्री ती करतो. ही खुर्ची पहिल्यापासून तशीच बनत आली आहे. एसीच्या खोलीत ठेवणार असाल तर पाणी पाजायचं काम कुणाचं, हे घरात आधी ठरवा.

दुसरी, कूलरजवळची, अजून ताग्यातल्याच जाळीवर आहे. श्रावणाच्या दमट हवेत ती ठीक दिसते, पण डाव्या कोपऱ्यात पट्टी नखभर उचललेली आहे. काकांना गणपतीनंतर बोलावलंय. तोपर्यंत सासरे सकाळचा पेपर माझ्या खुर्चीत वाचतात, आणि मी कामाला बसायच्या आधी उठतात.