पेलेट भट्टीच्या दुरुस्तीत गेलेले १४,३९६ रुपये

कोथरूडमध्ये मी आणि माझी पत्नी डब्यांची लहानशी खानावळ चालवतो. जुलैच्या पावसात एका पहाटे आमच्या पेलेट भट्टीत, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या कांड्यांवर चालणाऱ्या भट्टीत, हॉपर (पेलेटची टाकी) भरलेला असूनही पेलेट पडेनासे झाले. ब्लोअर फिरत होता, पॅनेलवर आकडे दिसत होते, पण विस्तव विझत चालला होता. अकरापर्यंत साठ डबे पाठवायचे असल्याने मोबाइलवर सर्वांत वर दिसलेल्या ‘अधिकृत सेवा केंद्रा’च्या नंबरवर मी फोन केला. ज्यांच्या दारात डबे न्यायला माणूस उभा असतो, त्यांनी तरी मला हसू नये. खरा नंबर वॉरंटी कार्डावर होता आणि ते कार्ड फडताळातच होते.

आलेल्या मुलाने हॉपरचे झाकणही उघडले नाही. ‘काका, मोटर जळली आहे, तिच्यामुळे भट्टीचे कंट्रोल कार्डही गेले,’ असे त्याने सांगितले. मी अठ्ठावीस वर्षे कारखान्यात यंत्रांजवळ काढली आहेत. जळलेल्या वाइंडिंगचा वास मला झोपेतही कळेल. तसा वास नव्हता, मोटर जागच्या जागी घुमत होती, म्हणजे वीज पोहोचत होती आणि अडले होते ते पेलेट पुढे ढकलणाऱ्या स्क्रूमध्ये. कार्ड गेले असते, तर पॅनेल कसे चालले असते? एवढे डोळ्यांसमोर असताना मी मान डोलावली आणि वर त्याला चहा दिला.

भेटीचे ५००, मोटरचे ६,८००, कार्डाचे ४,९०० आणि त्यांवर १८ टक्के जीएसटीचे २,१९६ रुपये मी त्याच्या खासगी यूपीआय खात्यावर पाठवले. पावतीवरचा जीएसटी क्रमांक बारा अक्षरांचा होता. खरा पंधरा अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रात २७ने सुरू होतो, तेव्हा पैसे देण्याआधी मोजा. जुनी मोटर ‘कंपनीत जमा करायची’ म्हणून तो घेऊन गेला. काढलेला भाग हातचा सोडू नका.

चौथ्या दिवशी भट्टी पुन्हा थांबली. मेहुण्याने हॉपर रिकामा करून स्क्रू बाहेर काढला, तर त्याभोवती भुशाचा लगदा घट्ट बसलेला होता. पेलेट म्हणजे दाबलेला भुसाच. ओल लागली की तो फुगतो आणि त्याचा चुरा होतो. आमची पोती ओलसर भिंतीला टेकलेली होती. ती फळीवर ठेवायला हवीत. त्या मुलाने स्क्रू उलटा फिरवून तेवढ्यापुरती वाट मोकळी केली असणार. ‘नव्या’ मोटरच्या रंगाखाली गंज निघाला.

चौकीत मला सांगण्यात आले, की काम झाले आणि पैसे तुम्हीच दिले, मग फसवणूक कसली? सायबरवाल्यांनी विचारले, की ओटीपी दिला होता का? दिला नव्हता, म्हणून त्यांनीही हात झटकले. ग्राहक तक्रारीसाठी फोन केला, तर भट्टी व्यवसायाची असल्याने तुम्ही ग्राहकच नाही, असे उत्तर मिळाले. वास्तविक २०१९च्या कायद्यात स्वयंरोजगारातून केवळ उपजीविका करणाऱ्याला व्यवसायाच्या या अटीतून वगळले आहे, म्हणजे तो ग्राहकच ठरतो. ते कलम मी वाचून दाखवले, तेव्हा फोन दुसऱ्या टेबलावर गेला आणि तिथेच कट झाला. तीन शनिवार या हेलपाट्यांत गेले.

परवा पत्नीच्या फोनवरून त्याच नंबरवर चौकशी केली. भट्टी कोणती, हेही न विचारता तोच आवाज म्हणाला, ‘मोटर जळली असणार, काकू.’